जळगाव आणि कोल्हापूर आकाराने सारखीच, मग फुटबॉल तिकडेच का रुजला?

२०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. आपल्या संघात २१ पोरं होती आणि त्यातली ८ एकट्या मणिपूरची. कर्णधार अमरजित सिंग कियाम मणिपूरचा. ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध हेडर मारून विश्वचषकातला भारताचा पहिला गोल करणारा जीक्सन सिंगही मणिपूरचा. दोघं एकाच गावचे आणि नात्याने भाऊ.

आता जनगणना उघडा. २०११ साली मणिपूरची लोकसंख्या होती साधारण २८ लाख ५५ हजार, तर आपल्या एकट्या जळगाव जिल्ह्याची ४२ लाखांच्या वर. धुळे आणि नंदुरबार मिळवले की खान्देश होतो ७९ लाखांचा. दोनदा विश्वचषक जिंकणारा उरुग्वे हा अख्खा देश ३५ लाखांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या निम्म्याहून कमी.

ही तुलना मी गावात कुणापुढे केली की उत्तर ठरलेलं असतं, "अरे, त्यांच्या पाण्यातच आहे ते." हे उत्तर मला कधी पटलं नाही. पाण्यात असतं तर अमरजित आणि जीक्सनच्या आजूबाजूच्या सगळ्याच गावांतून सारखे खेळाडू निघाले असते. तसं कुठेच होत नाही. काही गावं खेळाडू पिकवतात आणि शेजारची, त्याच रक्ताची आणि त्याच पाण्याची गावं कोरडी राहतात. जगभरच्या क्रीडासंशोधकांनी या कोड्यावर बरंच डोकं लावलं आहे. त्यांना काय सापडलं आणि त्यातलं आपल्याला काय लागू पडतं, ते इथे सांगतो.

सुरुवात कापसापासून करू. एकाने सांगितलं की यंदा शंभर क्विंटल कापूस झाला, तर कुठलाही शेतकरी लगेच विचारतो, "किती एकरात?" पाच एकरात शंभर आणि वीस एकरात शंभर यांत जमीन-अस्मानाचा फरक. खरा हिशेब एकरी उताऱ्याचा. खेळाडूंचंही तसंच आहे. मुंबईतून जास्त खेळाडू निघाले म्हणून मुंबई खेळाला चांगली असं ठरत नाही, कारण तिथे पोरंच जास्त आहेत. किती पोरांमागे किती खेळाडू, तो उतारा पाहायचा.

कॅनडाच्या ज्याँ कोते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली नेमका हा उतारा काढला. आइस हॉकी, बास्केटबॉल, बेसबॉल आणि गोल्फ खेळणारे अमेरिका-कॅनडातले व्यावसायिक खेळाडू घेतले, ते कुठल्या आकाराच्या गावात जन्मले ते पाहिलं आणि त्या आकाराच्या गावांत एकूण किती लोक राहतात त्याच्याशी ताडून पाहिलं. ५ लाखांहून मोठ्या शहरांचा उतारा कमी निघाला आणि त्याहून लहान शहरांचा चांगलाच जास्त. तिथली जवळपास निम्मी माणसं मोठ्या शहरांत राहतात, पण खेळाडू त्या मानाने फार थोडे. अगदी चिमुकल्या खेड्यांचं गणितही फारसं बरं नव्हतं. २००९ साली अमेरिकेतल्या व्यावसायिक महिला फुटबॉलपटूंचा असाच हिशेब झाला, तिथे ही रेघ १० लाखांवर आली. सगळी सोय असलेली महानगरं मागे आणि मधल्या आकाराची गावं पुढे, असा हा उलटा निकाल होता.

यात एक पेच आहे आणि तो आपल्याला चटकन कळेल. जन्मगाव म्हणजे वाढलेलं गाव नव्हे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. पोराच्या दाखल्यावर चाळीसगाव, आणि पोरगा सगळं आयुष्य नंदुरबारला. फ्रान्सचा फुटबॉलपटू किलियन एम्बापे याचा जन्म पॅरिस शहरातला, पण तो वाढला बाहेरच्या बाँडी या उपनगरात. लुइस सुआरेझ आणि एडिन्सन कावानी हे उरुग्वेचे दोन नामांकित फुटबॉलपटू १९८७ साली तीन आठवड्यांच्या अंतराने तिथल्या साल्तो या एकाच गावात जन्मले. लोक आजही त्याचं नवल करतात. पण सुआरेझचं कुटुंब तो सात-एक वर्षांचा असताना राजधानीत गेलं. म्हणून "कुठे जन्मला" यापेक्षा "सहा ते बारा या वयात संध्याकाळी कुठे होता" हा प्रश्न जास्त कामाचा.

मधल्या आकाराच्या गावात असं असतं तरी काय?

माझं लहानपण अमळनेरचं. शाळा सुटली की दप्तर ओट्यावर टाकायचं आणि बोरी नदीच्या कोरड्या पात्रात पळायचं. सोडायला आई नको, रिक्षा नको, फी नको. गल्लीतून कुणीतरी ओरडायचं, "चाल रे, खेयाले चाल!" आणि पाच मिनिटांत आठ-दहा जण गोळा. कमी पडले तर मोठ्यांत मिसळायचं. आम्ही खेळायचो क्रिकेट, ही वेगळी गोष्ट. तिच्याकडे परत येतो.

या पाच मिनिटांची किंमत मांडून पाहा. रोज दीड तास, वर्षातले तीनशे दिवस, म्हणजे वर्षाला ४५० तास. सहा ते बारा अशी सहा वर्षं धरली तर २७०० तास. दुसरीकडे महानगरातला मुलगा. मैदान लांब, रस्ता ओलांडायला धोक्याचा, म्हणून आठवड्यातून दोनदा तासाभराचा फुटबॉलचा क्लास. वर्षातले ४५ आठवडे धरले तर ९० तास, सहा वर्षांत ५४०. क्लासचे सर कितीही हुशार असोत, पाचपट चेंडू कुणाच्या पायाला लागला ते उघड आहे.

त्यातही क्लासमध्ये वीस पोरं रांगेत उभी राहतात आणि आपली पाळी आली की चेंडू मिळतो. गल्लीत चार विरुद्ध चार, रांग नाही. जागा अरुंद असल्यामुळे चेंडू सारखा पायाशी येतो आणि विचार करायला वेळ मिळत नाही. फुटसाल हा पाच जणांचा छोटा फुटबॉल १९३० साली उरुग्वेच्या मोंतेविदेओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने बसवला. पुढे ब्राझीलने तो उचलला आणि रोनाल्डिन्यो, नेमार असे पाय त्यातून तयार झाले. लहान जागा हे तिथे वैगुण्य ठरलं नाही, तिनेच शिकवलं.

मोठ्या पोरांत खेळणं हाही एक क्लास आहे. आठ वर्षांचं पोर तेरा वर्षांच्यांत घुसलं की ताकदीने काही जमत नाही. मग ते चेंडू येण्याआधीच मान वळवून पाहायला शिकतं आणि एका स्पर्शात पास देतं. जर्मनीतल्या बुंदेसलीगा या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगच्या खेळाडूंवर २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय संघापर्यंत पोचलेले खेळाडू लहानपणी सरांशिवाय, आपल्या मनाने जास्त फुटबॉल खेळलेले निघाले आणि वयात येताना इतर खेळांतही रमलेले होते. आपल्याकडे विहिरीत पोहणारी आणि शाळेत कबड्डी-खो-खो खेळणारी पोरं आहेत, त्यांच्यासाठी ही मोठी आशेची बाब आहे. शरीर तिथे तयार होतच असतं.

लहान गावाची आणखी एक देणगी म्हणजे तिथे पोराला लवकर काढून टाकत नाहीत. मोठ्या शहरातल्या अकादमीत दोनशे जण येतात, वीस घेतले जातात आणि उरलेले दहाव्या वर्षी ठरवतात की आपल्याला जमत नाही. लहान गावात मुळात चौदाच पोरं असतात, सगळ्यांना संघात घ्यावंच लागतं. उशिरा उमलणारा त्यात टिकून राहतो. जर्मनीचा गोल मारणारा खेळाडू मिरोस्लाव्ह क्लोज वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत जर्मनीतल्या कुझेल भागात एका खेडेगावच्या क्लबकडून सातव्या पातळीच्या लीगमध्ये खेळत होता आणि सुतारकाम शिकत होता. त्याच क्लोजने २०१४ पर्यंत विश्वचषकात १६ गोल करून विक्रम केला. एखाद्या कडक अकादमीने त्याला बाराव्या वर्षी घरी पाठवलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

जन्माच्या महिन्याचाही परिणाम असतो. वयोगटाची तारीख १ जानेवारी असेल तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळपास वर्षाने थोराड असतो आणि निवडणाऱ्यांना तोच गुणी वाटतो. युरोपात आणि कॅनडात हे वारंवार दिसलं आहे. आपल्या भागातल्या जुन्या दाखल्यांवर मात्र निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून. मास्तरांनी शाळेत नाव घालताना तो लिहिलेला. त्या तारखांवरून काही शोधायला जाऊ नये.

आता मूळ मुद्दा. कोतेंच्या हिशेबात सोन्याची ठरलेली गावं ५ लाखांच्या आतली. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर ४ लाख ६० हजार, धुळे पावणेचार लाख, भुसावळ १ लाख ८७ हजार, नंदुरबार १ लाख ११ हजार. सगळी त्या मापात चपखल बसतात. मग उतारा कुठे आहे?

हाच प्रश्न इतर देशांतल्या अभ्यासकांनाही पडला. तोच हिशेब जर्मनी, ब्रिटन अशा देशांत लावला तेव्हा तोच आकडा आला नाही. कुठे लहान गावं पुढे, कुठे मोठी. त्यातून कळलं की गावाचा आकार स्वतः काही करत नाही. अमेरिकेत मधल्या आकाराच्या गावात मोकळं मैदान, ओळखीची माणसं आणि रोजचा खेळ या गोष्टी एकत्र सापडतात, म्हणून आकडा तिथे दिसतो. पॅरिसभोवतीची उपनगरं हे याचं उत्तम उदाहरण. फ्रान्सचे एम्बापे, कान्ते, पोग्बा, अल्जीरियाकडून खेळणारा माहरेझ, सगळे त्या पट्ट्यातले. नकाशावर ते महानगर आहे. पण बाँडी हे सुमारे ५० हजार वस्तीचं गावच. त्याचा स्वतःचा क्लब आहे, नगरपालिकेचं मैदान आहे आणि एम्बापेचे वडील त्याच क्लबात मुलांना शिकवायचे. महानगराच्या पोटात एक अमळनेर आहे म्हणा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फ्रान्सच्या फुटबॉल संघटनेची क्लेअरफोंतेन अकादमी तिथून जवळ आहे. निवडलेली पोरं सोमवार ते शुक्रवार तिथे शिकतात आणि शनिवार-रविवार आपल्या घरी, आपल्या क्लबात.

आपल्यासाठी सगळ्यात बोलकी तुलना मात्र घरातलीच आहे. कोल्हापूर शहर २०११ साली साडेपाच लाखांचं होतं, म्हणजे जळगावपेक्षा थोडंसंच मोठं. त्या २०१७ च्या संघातला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. तिथे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे संघ आहेत आणि ते पेठांचे आहेत. तालीम म्हणजे मुळात कुस्तीची जागा. तिच्याच नावाने पुढे फुटबॉलचे संघ उभे राहिले. सामना असला की शाहू स्टेडियम भरतं. सात वर्षांचं पोर काकाच्या खांद्यावर बसून सामना पाहतं, हरलं की रात्री जेवताना घरातली मोठी माणसं भांडतात, आणि सकाळी ते पोर गल्लीत दोन विटा मांडून कालचाच गोल पुन्हा मारून पाहतं. त्याला कुणी फुटबॉल "शिकवलेला" नसतो. मणिपूरमध्ये हीच गोष्ट मोहल्ल्यांची आहे. तिथे मोहल्ल्याला लैकाई म्हणतात आणि लैकाईचा क्लब ही घरच्यासारखी गोष्ट असते. केरळात मलप्पुरमकडे कापणी झालेल्या भातखाचरांत सात-सात जणांचे सामने रंगायचे आणि गर्दी लोटायची. आय. एम. विजयन हा थोर खेळाडू लहानपणी त्रिशूरच्या स्टेडियमवर सोड्याच्या बाटल्या विकायचा. सामने डोळ्यांसमोर होते.

बोरीच्या पात्रात आमच्याकडे मैदान होतं, वेळ होता, लहानमोठी पोरं होती. तरी आमच्या हातात बॅट होती, कारण आम्ही मोठ्यांना फुटबॉलवरून भांडताना कधी ऐकलंच नव्हतं. मोकळी संध्याकाळ हे शेत आहे. त्यात काय पेरलं जाईल ते आजूबाजूच्या माणसांवरून ठरतं. म्हणून जळगावात एक नवं स्टेडियम बांधण्यापेक्षा चार पेठांचे चार संघ दर रविवारी एकमेकांशी खेळले, तर दहा वर्षांत जास्त फरक पडेल असं माझं स्पष्ट मत आहे.

हवामानाचं कारण आपल्याकडे नेहमी पुढे येतं. ते खोटंही नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ वर, दुपारी पाऊल टाकवत नाही. आपली काळी माती पावसाळ्यात चेंडू गिळते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की घोटा मुरगळतो. पण आइसलँडकडे पाहा. अवघ्या साडेतीन लाखांच्या आतबाहेरचा देश, म्हणजे आपल्या धुळे शहराएवढा. हिवाळ्यात अंधार आणि बर्फ. त्यांनी २००० नंतर गावोगावी छप्पर असलेली फुटबॉलची मैदानं बांधली आणि लहान पोरांनाही रीतसर शिकलेले प्रशिक्षक दिले. २०१६ च्या युरो या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत त्यांनी इंग्लंडला २-१ हरवलं आणि २०१८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाला १-१ असं रोखलं. आपल्याला छप्पर नको. मैदानावर मुरूम टाकून रोलर फिरवला आणि चार खांबांवर दिवे लावले तर उन्हाळ्यातही रात्री सात ते नऊ या वेळात खेळ होतो.

मुलींचा हिशेब वेगळा लावावा लागतो. भारतीय महिला फुटबॉलमधलं मोठं नाव म्हणजे मणिपूरची बेमबेम देवी, २०२० साली पद्मश्री मिळालेली. तिची सुरुवात मुलांबरोबर खेळूनच झाली. मुलीच्या बाबतीत गावाचं मैदान पाच मिनिटांवर असून पुरत नाही. संध्याकाळी सहाला ती तिथे गेली तर कुणी काही बोलणार नाही, हे आधी असावं लागतं. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या भाऊ-बहिणीचे २७०० तास सारखे नसतात.

आता सातपुड्याकडे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी (म्हणजे धडगाव), अक्कलकुवा, तळोद्याच्या आश्रमशाळांत शेकडो मुलं-मुली एकाच आवारात राहतात. मैदान दाराशी, सवंगडी चोवीस तास, डोंगर चढून कमावलेला दम. पुस्तकात लिहिलेल्या सगळ्या अटी तिथे एकत्र आहेत आणि चेंडू मात्र बहुतेक वेळा व्हॉलीबॉलचा असतो. ज्या मुलांची घरं ऊसतोडीला दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत जातात, त्यातली काही आई-बापाबरोबर फडावर जातात. सहा ते बारा या वयातला निम्मा काळ त्यांचा कुठल्याच गावात जात नाही. संशोधनाच्या तक्त्यात "वाढलेलं गाव" या रकान्यात त्यांच्यापुढे काय लिहाल? वसतिगृहात थांबणारं मूल आणि फडावर जाणारं मूल यांच्यातला फरक हा अभ्यासाइतकाच खेळाचाही आहे.

समजा एखाद्या पोराला हे सगळं मिळालं. पुढे रस्ता लागतो. आपला नेहमीचा रस्ता म्हणजे शालेय स्पर्धा. तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य. सामने बाद फेरीचे. पहिलाच सामना हरला की त्या संघाचं वर्ष संपलं. चौदाव्या वर्षी वर्षातून एकच खरा सामना खेळणारा मुलगा दर रविवारी खेळणाऱ्या कोल्हापूरच्या मुलाशी कसा भिडणार? आणि निवड चाचणी पुण्या-मुंबईत. धडगावच्या पोराने घाट उतरून शहादा गाठायचं, रात्रभर गाडीत बसायचं आणि सकाळी पाय आखडलेले असताना वीस मिनिटांत आपला खेळ दाखवायचा. तिथे नापास होतो तो त्याचा प्रवास, पण कागदावर त्याचं नाव लिहिलं जातं.

जर्मनीला हा प्रश्न २००० च्या युरो स्पर्धेत मार खाल्ल्यावर उमगला. त्यांनी पोरांना मोठ्या शहरात बोलवायचं सोडलं आणि देशभर साडेतीनशेहून जास्त केंद्रं उभारली. मुलं आपल्या घरी, आपल्याच क्लबात राहतात आणि आठवड्यातून एक संध्याकाळ जवळच्या केंद्रावर चांगल्या प्रशिक्षकाकडे जातात. जर्मनीचं क्षेत्रफळ आहे ३ लाख ५७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण हजार चौरस किलोमीटरला एक केंद्र. आपल्या तीन जिल्ह्यांचं क्षेत्रफळ २५ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्याच मापाने खान्देशाला २५ केंद्रं लागतील. जळगावचे १५ तालुके, धुळ्याचे ४ आणि नंदुरबारचे ६, हेही २५ च भरतात. तालुक्याला एक मैदान, एक जाणता माणूस, आठवड्यातली एक संध्याकाळ, आणि अक्राणीचं केंद्र धडगावातच.